भेट मिळालेलं ऑर्किड आणि कुजलेली मुळं
वाचकांचे प्रश्न, बागकामातल्या जाणकारांची उत्तरं

पावसाळा निम्मा सरला की ऑर्किडबद्दलची पत्रं वाढतात. वास्तुशांत, वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ अशा निमित्तानं घरी आलेलं रोप महिनाभर फुलतं आणि मग मान टाकतं. या अंकात ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचं मूळ दुखणं एकच असल्यामुळे पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : जूनमध्ये वास्तुशांतीला जांभळ्या फुलांचं ऑर्किड मिळालं. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत आहे. आठवड्यातून दोनदा कपभर पाणी घालत होतो. फुलं गळून गेली. आता खालची पानं सुरकुतून लोंबताहेत. पाणी कमी पडतंय असं वाटून रोज घालायला लागलो, तर रोप आणखीच मलूल झालं. कुंडीतून कुबट वास येतो. रोप वाचेल का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : बहुतेक वाचेल, पण आजच पाणी थांबवा आणि रोप कुंडीतून बाहेर काढा. तुमच्याकडचं रोप फॅलेनॉप्सिस असावं. भेट म्हणून मिळणारी ऑर्किडं बहुतांशी हीच असतात. जंगलात ते झाडाच्या सालीवर वाढतं. पाऊस पडला की मुळं भिजतात आणि वारा लागला की काही तासांत सुकतात. मुळांवर एक जाड, स्पंजसारखं आवरण असतं. ते काही मिनिटांत पाणी शोषून घेतं, पण कायम भिजलेलं राहिलं तर आतल्या जिवंत मुळाला हवा मिळत नाही आणि मूळ गुदमरून मरतं. बुरशी आणि जिवाणू त्यानंतर येतात. मुळं मेली की भोवती पाणी असूनही ते पानापर्यंत पोचत नाही. म्हणून पान तहानलेलं दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो. बरीचशी ऑर्किडं याच गैरसमजापायी जातात. कमी पाण्यानंही पानं सुरकुततात, जास्त पाण्यानंही. पानाकडे पाहून निदान होत नाही, मुळं पाहावीच लागतात.

दोष सगळा तुमचा नाही. ही रोपं स्फॅग्नम मॉस नावाच्या शेवाळात घट्ट बसवून वाढवलेली असतात. पंखे आणि मोजून दिलेलं पाणी असलेल्या हरितगृहात ते चालतं. दुकानात तेच रोप बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत ठेवतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आपल्याकडे शेवाळाचा मधला गोळा दोन-दोन आठवडे सुकत नाही. वरून बोट लावलं तर कोरडं लागतं, आत मात्र चिखल असतो.

आता काम. शोभेची कुंडी बाजूला करा. आत सहसा पातळ प्लॅस्टिकची कुंडी असते. मुळं तिला चिकटली असतील तर ओढू नका, कात्रीनं प्लॅस्टिकच कापा. शेवाळाचा गोळा कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, म्हणजे तो सुटा होतो. बोटांनी हळूहळू सगळं शेवाळ काढा. अगदी मध्ये, खोडाच्या बुडाशी, पुष्कळदा जाळीचा किंवा स्पंजाचा छोटा तुकडा सापडतो. लहानपणी रोप त्यात वाढवलेलं असतं. तोही कापून काढा. कुजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते आणि नेमका तोच आत राहून जातो.

मुळं वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या आणि एकेक मूळ चिमटीत धरून पाहा. निरोगी मूळ टणक लागतं. ओलं असताना हिरवट, सुकल्यावर रुपेरी-करडं दिसतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं, दाबलं की पचकतं आणि पाणी सोडतं. त्याचं बाहेरचं आवरण ओढलं तर मोज्यासारखं निघून येतं आणि हातात नुसती दोऱ्यासारखी तार उरते. एक काळजी घ्या : रंगावरून निकाल लावू नका. उजेड न मिळालेली मुळं पिवळट किंवा डागाळलेली असतात, पण टणक असतील तर ती चांगली आहेत. ती कापली की रोपाचा उरलासुरला आधार जातो.

कात्रीची पाती स्पिरिटनं पुसा किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करा. मऊ भाग टणक भागापर्यंत कापा. एखादं मूळ अर्धंच कुजलं असेल तर अर्धंच कापा. खोडाचं टोक काळं पडलं असेल तर आतला छेद स्वच्छ पांढरट-हिरवा दिसेपर्यंत पातळ चकत्या काढत जा. फुलांचा दांडा अजून असेल तर तोही बुडापासून कापा. मुळं नसलेल्या रोपाला फुलं पोसणं झेपत नाही.

त्यानंतर कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के असं मिश्र बुरशीनाशक घ्या. कृषी केंद्रात किंवा नर्सरीत त्याची छोटी पाकिटं मिळतात. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मिसळून मुळं दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला, आणि भांडं व चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. दालचिनीची पूड वापरायची असेल तर फक्त कापलेल्या तोंडावर चिमूटभर लावा; जिवंत मुळांवर पसरली तर ती त्यांना कोरडं करून मारते. हायड्रोजन पेरॉक्साइडनं मुळं धुण्याचा उपाय आम्ही सुचवत नाही. त्याचे बुडबुडे समाधान देतात, पण नाजूक मूळटोकं त्यात भाजतात.

रोप रात्रभर सावलीत, हवेशीर जागी उलटं टांगून किंवा जाळीवर आडवं ठेवा, म्हणजे जखमा सुकतील. दुसऱ्या दिवशी लावा. चार इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर मिश्रण पुरतं. पाच भाग पाइनच्या सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, दोन भाग लाकडी कोळसा, एक भाग विटेचे तुकडे. सगळे दीड ते दोन सेंटिमीटरचे. कोकोपीटची भुकटी नको, माती तर अजिबात नको. सोडणाचे तुकडे आधी चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पाणी तीनदा बदला. पहिलं पाणी चहासारखं लाल येतं, त्यातले क्षार आणि रंगद्रव्य मुळांना सोसत नाहीत. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा चालतो, मात्र तो खरा लाकडाचा हवा. दाबून तयार केलेल्या कांड्यांत चिकट पदार्थ मिसळलेले असतात.

कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या, म्हणजे मुळं दिसत राहतात. बुडाला भोकं असतातच. तापवलेल्या सळईनं बाजूलाही आठ-दहा भोकं पाडा. आकार उरलेल्या मुळांच्या मापानं ठरवा. मुळं कमी राहिली असतील तर कुंडीही आधीपेक्षा लहान हवी. मोठ्या कुंडीतली रिकामी जागा ओल धरून बसते आणि पुन्हा तेच होतं. पानांचा बुंधा मिश्रणाच्या पातळीला असू द्या, गाडू नका. रोप हलत असेल तर बांबूच्या काडीला सैल बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मूळटोकं तुकड्यांवर घासून मरतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

तीन-चार दिवस पाणी नाही. नंतर कुंडी दहा मिनिटं पाण्यात बुडवा आणि पूर्ण निथळू द्या. पुढचं पाणी कधी, ते वार ठरवून नव्हे तर काडीनं ठरवा. मसाला काढून धुतलेली अगरबत्तीची बांबूची काडी कुंडीच्या मध्यापर्यंत खुपसा आणि पंधरा मिनिटांनी काढून गालाला लावा. गार-ओलसर लागली तर थांबा. ठाण्यात साधारणपणे पावसात आठ-दहा दिवसांनी, थंडीत पाच-सहा दिवसांनी आणि एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी लागतं. घोडबंदरकडच्या उंच इमारतींत वारा जास्त असतो, तिथे हे अंतर कमी होईल.

जागा पूर्वेच्या खिडकीची. दुपारी पानांवर एक फूट उंचीवर हात धरा. सावली पुसट पण ओळखू येईल इतका उजेड पुरे. कडक काळी सावली पडत असेल तर पडदा लावा. चार ते आठ आठवड्यांत बुंध्यातून हिरव्या टोकाचं नवं मूळ डोकावेल. तोवर खत देऊ नका. सुरकुतलेली जुनी पानं पुन्हा पूर्ण ताठ होत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. नवं पान जुन्याच्या निम्म्याहून मोठं झालं की रोप सावरलं असं समजा.

प्रश्न : सगळी कुजलेली मुळं कापली तर एकही उरलं नाही. तीन पानं आहेत, बुंधा हिरवा आहे. टाकून द्यावं का?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : बुंधा टणक आणि हिरवा असेल तर टाकू नका. मात्र सालीच्या मिश्रणात लावू नका. मुळांशिवाय ते तिथे सुकून जाईल. आता पानातलं पाणी उडू नये एवढंच साधायचं आहे. मिठाईचा मोठा पारदर्शक डबा घ्या. तळाशी नव्या स्फॅग्नम मॉसचा दोन बोटं जाडीचा थर द्या. मॉस भिजवून मुठीत इतकं घट्ट पिळा की एकही थेंब गळता कामा नये. त्यावर छोटी जाळी किंवा बांबूच्या काड्या ठेवा आणि रोप त्यावर, बुंधा मॉसला न टेकता. झाकण तिरकं ठेवून थोडी फट राहू द्या. डबा उजेडात ठेवा, उन्हात नको. उन्हात बंद डब्यात पानं शिजतात.

रोज एकदा झाकण काढून दहा मिनिटं हवा द्या. पानावर थेंब साचले तर टिपा. बुरशीचे पांढरे तंतू दिसले तर मॉस बदला. कमीत कमी दोन महिने धीर धरावा लागतो, कधी चार. आपल्याकडचं २५ ते ३० अंशांचं तापमान या कामाला चांगलं, म्हणून पावसाळ्यात हे जमतं. डिसेंबरात मुळं फुटायला वेळ लागतो. दोन-तीन मुळं चार-पाच सेंटिमीटरची झाली की छोट्या कुंडीत हलवा. बुंधा मऊ, काळा झाला असेल तर मात्र उपाय नाही.

प्रश्न : बर्फाचे तीन खडे आठवड्याला ठेवावेत असं पाकिटावर लिहिलं आहे. करावं का? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं, ते चालेल का?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : बर्फ नको. पाणी मोजून पडावं म्हणून ती युक्ती निघाली. पण वितळलेलं पाणी एका बाजूलाच झिरपून बाकी मुळं कोरडी राहू शकतात. कुंडी बुडवून निथळवली की सगळी मुळं सारखी भिजतात आणि साचलेले क्षारही धुऊन जातात.

टँकरचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर क्षार जास्त असू शकतात. पाणी तपासायचं छोटं टीडीएस मीटर सोसायटीत एखाद्याकडे असतंच. २०० पीपीएमच्या आत असेल तर निर्धास्त वापरा. त्यापेक्षा बरंच जास्त असेल तर टँकरच्या दिवसांत आरओचं शुद्ध पाणी द्या. आरओमधून फेकलं जाणारं पाणी देऊ नका, सगळे क्षार त्यातच असतात. मुळांची टोकं काळी-करपलेली आणि कोळशावर पांढरी साय दिसू लागली तर पाणी खारट आहे असं समजा. पावसाचं पाणी उत्तम, फक्त पहिल्या एक-दोन सरींचं धरू नका.

प्रश्न : मे महिन्यात नऊ कळ्या आल्या होत्या. चार दिवसांत सगळ्या पिवळ्या पडून गळल्या. मुळं हिरवी आहेत. जागाही बदलली नव्हती.
– एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : त्या दिवसांत खोलीत आंब्याची पेटी होती का? पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यांतून इथिलीन वायू निघतो, आणि त्याच्या अगदी थोड्या मात्रेनंही फॅलेनॉप्सिसच्या कळ्या गळतात. दिवाणखान्यात एका कोपऱ्यात आढी आणि दुसऱ्यात ऑर्किड, हे मे महिन्यात टाळा. दुसरं कारण एसीचा थेट झोत, तिसरं कळ्या असताना कुंडी पूर्ण कोरडी पडणं. रोपाला धोका नाही, पुढच्या हंगामात कळ्या येतील.

प्रश्न : पोंगा (मधलं कोवळं पान) काळा पडून हातात आला. बाकी पानं ठीक आहेत.
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचून पोंगा कुजला. वरून फवारणी केली किंवा पावसाची झड आत आली की असं होतं. पाणी नेहमी सकाळी द्या आणि मध्ये साचलेला थेंब टिश्यू पेपराच्या टोकानं टिपा. आता सडलेला भाग काढून जागा पूर्ण कोरडी करा, चिमूटभर दालचिनी तिथे चालेल. वाढीचं टोक मेलं असल्यामुळे मधून नवं पान येणार नाही, पण मुळं चांगली असतील तर बुंध्याच्या बाजूनं पिल्लू फुटण्याची शक्यता असते. म्हणून उरलेली पानं कापू नका. पानावर पाणथळ, वास मारणारा तपकिरी डाग एका रात्रीत वाढत असेल तर तो जिवाणूंचा रोग समजा. बुरशीनाशक तिथे कामाचं नाही. डागाच्या बाहेर एक सेंटिमीटर निरोगी भागासकट पान कापा आणि रोप इतरांपासून लांब ठेवा.

प्रश्न : दोन वर्षं झाली, रोप हिरवंगार आहे, पण फुलत नाही.
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : पानं गडद हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय, ती पोपटीकडे झुकणारी हवीत. दुसरी गोष्ट थंडीची. सलग काही आठवडे हवा गार राहिली, रात्री २० अंशांच्या खाली उतरल्या, की फॅलेनॉप्सिस दांडा काढतं. ठाण्यात असे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच मिळतात, तेही सलग नाही. बंद खोलीत रोपाला ते कळतच नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यापासून रोप ग्रिलमध्ये, ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा आणि रात्रीही तिथेच राहू द्या.

खत थोडं पण नियमित. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. अर्धा ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातलं १०० मिलिलिटर ९०० मिलिलिटर साध्या पाण्यात घातलं की प्रमाण जुळतं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. कोरड्या मुळांना खत देऊ नका, आधी साधं पाणी द्या.

प्रश्न : येऊरला झाडांवर ऑर्किड दिसतात. एखादं आणून घरी वाढवता येईल का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून कुठलीही वनस्पती आणायला कायद्यानं मनाई आहे, ती गळून पडलेल्या फांदीवरची असली तरी. ही रोपं त्या सालीवरच्या बुरशीशी, त्या परागवाहक कीटकांशी जोडलेली असतात. बाल्कनीत ती बहुधा झुरतात. सीतेची वेणी किंवा तिच्यासारखं देशी ऑर्किड हवंच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं घ्या आणि ते कुठून आलं ते विचारून घ्या.

प्रश्न : खारघरला चौदाव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे. भरपूर वारा, दुपारी कडक ऊन. फॅलेनॉप्सिस दोनदा गेलं. कुठलं ऑर्किड तगेल?
– एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : डेन्ड्रोबियमचे संकरित प्रकार घ्या. आपल्या हवेला ते फॅलेनॉप्सिसपेक्षा कितीतरी जास्त मानवतात. त्यातल्या बहुतेकांना फुलायला थंडी लागत नाही, उजेड भरपूर लागतो. आमचं स्पष्ट मत आहे की, ठाणे-नवी मुंबईत पहिलं ऑर्किड विकत घ्यायचं तर हेच घ्यावं. ग्रिलवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा, नाहीतर पश्चिमेच्या उन्हानं पानांवर पांढरे, कागदासारखे कोरडे चट्टे पडतील.

चार-पाच इंची, बाजूला भोकं असलेली मातीची कुंडी घ्या आणि त्यात फक्त कोळसा आणि विटेचे तुकडे, निम्मे-निम्मे. या मिश्रणात पाणी थांबत नाही, त्यामुळे तुमच्या वाऱ्यात उन्हाळ्यात रोज आणि एरवी एक दिवसाआड पाणी लागेल. रोप पावसात भिजलं तरी हरकत नाही. नर्सरीतून आणल्यावर कुंडी काकडीच्या चकतीसकट रात्रभर एका ताटात ठेवून पाहा. बारीक गोगलगायी असतील तर चकतीवर गोळा होतात. जुलैत त्या एका रात्रीत सगळी कोवळी मूळटोकं खाऊन टाकतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा, कारण अंडी पहिल्या फेरीत सुटतात.

पानं गळून गेलेल्या जुन्या कांड्या कापण्याचा मोह टाळा. त्या हिरव्या आणि टणक असतील तोवर त्यांत साठवलेलं पाणी आणि अन्न नव्या फुटीला मिळतं, आणि फुलांचा दांडा पुष्कळदा अशाच बोडक्या कांडीच्या शेंड्यातून येतो. कांडी पोकळ, तपकिरी झाली की मगच बुडापासून कापा.